मर्विनचा बूट आणि काळ्या कोळ्याचे फूल

मी, नोरीन अडेल टकवेल, वय वर्षे एक्क्याऐंशी, कै. कीथ टकवेल यांची पत्नी, धंदा पूर्वी कापडदुकान, आता काही नाही, राहणार बुरांजिन, पश्चिम ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, ते डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी भुलवलेले नाही. खाली जे कडू लिहिले आहे ते औषधांच्या गुंगीत लिहिले असे मागाहून कोणी म्हणू नये. ते मी गोळ्या सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरवले होते.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र, ज्यात माझा मेहुणा मर्विन गॅड्सबी याला व्यवस्थापक नेमले होते, ते मी रद्द करते. आता व्यवस्था वकील हेलन स्टाव्रू पाहतील. बाईंनी पहिला मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नोरीन, एवढं सगळं लिहायची कायद्याला गरज नसते."

मी म्हटले, "कायद्याला नसेल. मला आहे."

कलम पहिले. मला कीथच्या शेजारी पुरावे. पेटीवर तोडलेली फुले ठेवू नयेत. मी अर्धे आयुष्य जमिनीवर पालथी पडून, कोपरे सोलून घेऊन फुलांचे फोटो काढले, पण एक खुडले नाही. आता मेल्यावर माझ्या नावाने कोणी खुडू नये. मर्विनने भाषण करायचे नाही. त्याला कोणी बोलायला सांगितले नाही तरी तो उठतो, म्हणून त्याला मधल्या खुर्चीत बसवावे आणि दोन्ही बाजूंना दांडगी माणसे बसवावीत. अंत्यविधीच्या पत्रिकेवर कीथने काढलेला माझा फोटो छापावा. त्याच्या कोपऱ्यात कीथचा अंगठा आला आहे. छापणारा म्हणेल, अंगठा कापून टाकू. कापू नये.

कलम दुसरे. राहते घर, मागची लिंबाची झाडे आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, पुढे सांगितलेला खर्च वजा करून, माझी भाची जनीन हिला. जनीन माझ्या धाकट्या बहिणीची, कोरलची, एकुलती मुलगी. मला मूल नाही, त्यामुळे ती थोडी माझीही. ती मर्विनची मुलगी आहे, त्याला तिचा इलाज नाही. अट एकच. तिच्या वडिलांनी काढलेला तो एक फोटो या घराच्या कोणत्याही भिंतीवर लावू नये. कोणता, ते पुढे येईल.

कलम तिसरे. कॅमेरे तिन्ही गावच्या वाचनालयाला. पुस्तके देतात तसे ते लोकांना घरी न्यायला द्यावेत. यातला सर्वांत जुना कीथने एका मेलेल्या पशुवैद्याच्या घरसामानाच्या विक्रीतून आणला होता. म्हणाला, "रविवारी दुकान बंद असलं की तू दिवसभर माझ्याकडे बघत बसतेस. हे घे, आणि जरा दुसरीकडे बघ." तिथून सुरू झाले. दर रविवारी आम्ही गाडी काढायचो. तो झाडाखाली गाडी लावून पेपर वाचायचा आणि मी भटकायची. ऑगस्ट-सप्टेंबरात फुले. इथली माळरानावरची कागदी पाकळ्यांची गुलाबी फुले तर गाडीतूनही दिसतात. मला ती आवडायची जी गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाहीत. उन्हाळ्यात फुले संपली की आसपासची गावे. धान्याच्या कोठारांपुढे रांगेत उभे गव्हाचे ट्रक आणि सावलीत झोपलेले चालक. दारूच्या गुत्त्याच्या व्हरांड्यात बूट काढून बसलेले लोकर कातरणारे. हिवाळ्यात फुटबॉलच्या मैदानाभोवती लावलेल्या गाड्या आणि गोल झाला की हॉर्न वाजवणाऱ्या म्हाताऱ्या.

कलम चौथे. हे सगळे लोकांचे फोटो, खोकी शयनगृहात आहेत, ज्याचे त्याला द्यावेत. हॉल दोन दिवस उघडा ठेवावा, टेबलांवर फोटो पसरावेत, चहा आणि नारळाचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक ठेवावेत. आपला बाप, आपली आजी सापडली की न्यावी. कोणी रडले तर रडू द्यावे, पण चहाचे कप फोटोंपासून लांब.

कलम पाचवे. बुरांजिन फोटोग्राफी क्लबाला माझा एकही फोटो मिळणार नाही. क्लबाने मला दरवर्षी जी 'उत्तेजनार्थ' प्रशस्तिपत्रे दिली त्यांचा गठ्ठा क्लबाला परत करावा. परीक्षक दरवर्षी मर्विन असायचा. मला पंचवीस वर्षे उत्तेजन देऊन तो दमला असेल.

कलम सहावे. शेजारी ब्रायन याने माझा ट्रायपॉड एका दिवसासाठी नेला आणि त्यावर टोमॅटोचे वेल चढवले. ट्रायपॉड आता टोमॅटोंचाच आहे. तो ब्रायनलाच द्यावा, म्हणजे त्याला निदान कुंपणावरून माझी नजर चुकवावी लागणार नाही.

कलम सातवे. मर्विनबद्दल.

हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी मधे मधे खुणा करून 'वगळता येईल' असे लिहिले होते. मी काही वगळलेले नाही.

मर्विन कापणीयंत्रे विकायचा. हसरा, उंच, हॉलमध्ये शिरला की लोक त्याच्याकडे वळायचे. माझ्या फोटोंचे गावात जरा नाव होऊ लागले तसा त्यालाही छंद लागला. त्याने हातभर लांब लेन्स आणली आणि तो आणि कोरल आमच्या रविवारांत सामील झाले. आम्ही चौघे एका गाडीत. कोरल आणि मी मागे बसून खिदळायचो. ती वर्षे चांगली होती. हे मी मान्य करते, नाहीतर पुढचे समजणार नाही.

आमच्या भागात एक कोळी-ऑर्किड होते. लांब, सुतासारख्या पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या, रंग इतका गडद जांभळा की काळाच. जुने लोक त्याला काळा कोळी म्हणत. गव्हासाठी रान साफ केले तेव्हा ते गेले. शहरातले अभ्यासकही म्हणत की बुरांजिनच्या बाजूला ते उरलेले नाही. मी दर वसंतात ते शोधायची. १९९४ च्या सप्टेंबरात, टिलब्रुकच्या शेतातल्या दगडी टेकाडामागे, ते मला दिसले. एकच रोप, वर एकच कळी. माझ्या पिशवीत दुकानातली निळी लोकर होती. तिचा तुकडा मी शेजारच्या काटकीला बांधला, खूण म्हणून, आणि फोटो काढला नाही. उमललेले फूलच टिपायचे होते.

त्या दुपारी कोरलकडे जेवण होते. ती आजारी होती. छातीत गाठ निघाली होती, उपचारांनी केस गेले होते, डोक्याला हिरवा रुमाल. मर्विन कोकराची तंगडी कापत होता. मला बातमी पोटात ठेवता येईना.

"काळा कोळी?" मर्विनने सुरी खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की. कळी आहे अजून. पुढच्या रविवारपर्यंत उमलेल. आपण सगळेच जाऊ."

"कुठे?"

मी सांगितले. वाट, दगड, काटकी, सगळे.

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस," तो म्हणाला. "लोक चोर असतात."

रविवारी आम्ही गेलो. कोरलचा हात धरून तिला हळूहळू चढवले, कारण ती म्हणाली होती की एवढे एक मला बघायचेच आहे. काटकी होती, लोकर होती. फूल नव्हते. देठ वाळूत चेपलेला होता आणि पाकळ्यांचा लगदा झाला होता. बूट चुकून पडला नव्हता. टाच ठेवून फिरवली होती, सिगारेट विझवतात तशी.

मर्विन वाकून म्हणाला, "कांगारू असेल."

कोरलने माझ्या पाठीवर हात ठेवला. "येईल गं पुढच्या वर्षी, नोरी." पुढचे वर्ष तिला स्वतःला मिळेल की नाही हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, आणि ती माझी समजूत काढत होती.

महिन्याभराने क्लबाचे प्रदर्शन भरले. मर्विनचा फोटो मधल्या भिंतीवर, सर्वांत मोठा. काळा कोळी, पूर्ण उमललेला, मागून उजेड आलेला. उत्तम फोटो होता, हेही लिहून ठेवते. खाली उजव्या कोपऱ्यात एक धूसर निळी रेघ होती. कोणाला ती कळली नसती. मी ती लोकर रोज मोजून विकायची.

हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात मी त्याला गाठले. तो कप विसळत होता.

"तो माझा धागा आहे," मी म्हटले.

त्याने दार लोटून घेतले. "गुरुवारी गेलो होतो. उजेड छान होता."

"आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर तू त्याच्यावर पाय दिलास."

त्याने कप पुसला, उजेडात धरून पाहिला आणि जागेवर ठेवला. "एकच फोटो असला की त्याला मोल असतं, नोरीन. तू रविवारी आणखी दहा काढले असतेस. मग सगळा क्लब येऊन काढून गेला असता. मग काय उरलं? नुसतं फूल."

"मी कोरलला सांगते."

"सांग ना. परवा तिला परत पर्थला न्यायचंय. गाडी मी चालवतो, उलटीची बादली मी धरतो. तिला सांग, आणि मग तिच्या तोंडाकडे बघ."

मी सँडविचचा ट्रे उचलला आणि बाहेर जाऊन लोकांना वाटला. बादली तो खरोखर धरायचा. हे खोटे असते तर मला सोपे गेले असते.

कोरल बरी झाली. आणखी अठ्ठावीस वर्षे जगली, आणि ती सगळी वर्षे मी तोंड बंद ठेवले. मर्विनच्या फोटोला राज्याचे बक्षीस मिळाले. त्याने कोपरा कापून नवी प्रत काढली. बेकरीत त्या फुलाचे कप आणि हातपुसणी आली, पाण्याच्या टाकीवर चित्र आले, गावाच्या वेशीवर पाटी आली: 'शेवटच्या काळ्या कोळ्याचे गाव'. तो शाळांत भाषणे द्यायचा. "मुलांनो, ते फूल माणसाने शेवटचं पाहिलं ते या डोळ्यांनी." घरी तो फोटो जेवणाच्या टेबलावर, बरोबर माझ्या खुर्चीसमोर टांगलेला. प्रत्येक नाताळात मी त्याच्याकडे बघत हॅम गिळला. कोणी पाहुणा आला की मर्विन माझी ओळख करून द्यायचा, "ही बायकोची बहीण. हीसुद्धा टिपते अधूनमधून."

आता ते, जे मी कोणालाही सांगितलेले नाही. कीथलाही नाही.

फूल मेले नव्हते. त्या ऑर्किडचा कंद जमिनीखाली असतो. त्याने वरचे तुडवले, खाली त्याचा बूट पोचला नाही. काही वर्षांनी त्या टेकाडावर वीज पडून वणवा लागला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात मला राखेत एक केसाळ पान दिसले. सप्टेंबरात ते उमलले. मी फोटो काढला, घरी आले, आणि रात्री जेवताना कीथला सांगितले की आज काही खास मिळाले नाही. पुढे ती फुले वाढत गेली. टिलब्रुकने शेत विकले तेव्हा ते दगडी टोक मी वेगळे विकत घेतले. गाव हसले. मर्विनही हसला. "नोरीन आता दगड पेरणार." मी म्हटले, बघू काय उगवतं.

दर वसंतात मी एकटी जाऊन फोटो काढले. कोणाला दाखवले नाहीत. फुलांना बूट लागू नयेत हे एक कारण. दुसरे असे की भाषण ऐकताना, 'शेवटचं' हा शब्द त्याच्या तोंडून निघताना, मला फार बरे वाटायचे.

कोरल जिवंत असती तर हे माझ्याबरोबरच गेले असते. ती गेल्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात गेली. मी माझ्या खोक्यातून तिचा फोटो काढून मर्विनकडे नेला. परसात ती ओली चादर वाळत घालते आहे, वाऱ्याने चादर तिच्याभोवती गुंडाळली आहे, फक्त तोंड आणि एक हात बाहेर, आणि ती इतकी हसते आहे की डोळे मिटले आहेत. मी आयुष्यात काढलेला हा सर्वांत चांगला फोटो.

"पत्रिकेवर हा घाल," मी म्हटले.

मर्विनच्या डोळ्यांना तेव्हाच कमी दिसू लागले होते. त्याने भिंग लावून पाहिले. "पडलेला दात दिसतोय."

"दात पडलाय हे तिलाही माहीत होतं."

"नको. माझं ठरलंय."

पत्रिका हातात आली. वर काळा कोळी, खाली बारीक अक्षरांत छायाचित्र मर्विन गॅड्सबी. कोरलचे नाव आतल्या पानावर. माझी बहीण स्वतःच्या अंत्यविधीला त्याच्या फुलाच्या मागे उभी राहिली. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाली, किती सुंदर पत्रिका. त्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला.

म्हणून:

(अ) कोरलचा तो चादरीतला फोटो मोठा करून जनीनला द्यावा. तिने तो हवा तिथे लावावा.

(आ) टेकाड आणि भोवतालची जमीन आमच्या भागातल्या रानफुले राखणाऱ्या मंडळाला. कुंपण घालावे, पायवाट आखावी, आणि फाटक सर्वांना उघडे असावे. मर्विनलाही. त्याला तर पहिले आमंत्रण द्यावे.

(इ) पहिल्या वर्षी परत आलेल्या फुलाचा फोटो, खाली साल घालून, मर्विनच्या टेबलावरच्या फोटोएवढाच मोठा करून त्याला पोचता करावा. त्याला दिसत नसेल तर साल वाचून दाखवावे.

(ई) वेशीवरच्या पाटीतला 'शेवटच्या' हा शब्द पुसायचा खर्च माझ्या ठेवीतून करावा. रंगाऱ्याने तो शब्द भर दुपारी, लोक बेकरीत असताना पुसावा.

(उ) टेकाडाच्या फाटकावर एक पाटी लावावी. पाटी तयार आहे, मुलामा दिलेली, गंजणार नाही. माझ्या कपाटामागे घोंगडीत गुंडाळून ठेवली आहे. तिच्यावर असे लिहिले आहे: 'येथे सप्टेंबर १९९४ मध्ये मर्विन गॅड्सबी याने या फुलाचा फोटो काढला आणि मग ते दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून बुटाने तुडवले. फूल पुन्हा आले.'

(ऊ) मात्र माझ्या हयातीत मर्विनने स्वतःच्या तोंडाने, निदान दोघांना ऐकू जाईल असे, आपण काय केले ते सांगितले, तर (उ) आपोआप रद्द होईल आणि पाटी भंगारात द्यावी. ही अट वकीलबाईंनी घालायला लावली. "माणसाला एक दार ठेवावं, नोरीन." मला ठेवायचे नव्हते. पण ठेवले आहे, तर ते मी अडवणार नाही.

साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळले, म्हणून त्यांना आजच केक खाऊ घातला आहे. त्यांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना मात्र पाहिले आहे.

नोरीन अडेल टकवेल (सही)
साक्षीदार: थुई लाम, औषधविक्रेत्या (सही). गॉर्डन पीक, टपाल पोचवणारे (सही).
बुरांजिन, ११ जुलै २०२४

पुरवणी

मी, वर सही केलेली नोरीन टकवेल, त्याच टेबलाशी बसून, त्याच शुद्धीत, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडते. कारण काल जे झाले त्याने कलम सातमधला एक भाग बदलतो.

फुले उमलल्यावर मी मर्विनला फोन केला. म्हटले, कोरल गेल्यापासून आपण रविवारी कुठे गेलो नाही. जनीन पर्थहून आलीच आहे, ती गाडी चालवेल. तो लगेच तयार झाला. एकटा माणूस रविवारी कशालाही तयार होतो. त्याच्या नजरेच्या मधोमध आता काळा डाग आहे, कडेचे थोडे दिसते. तरी गळ्यात कॅमेरा अडकवून आला, जुने बूट चढवून.

टेकाडापाशी जनीन गाडीतून खुर्ची काढत मागे राहिली. मी मर्विनचा हात धरून दगडांमागे नेले. तिथे फुलांमधून एक चिंचोळी वाट जाते, ती मला डोळे मिटून येते.

"पुढे ये," मी म्हटले. "आणखी एक पाऊल. थांब. आता हलू नकोस."

मी हात सोडला आणि त्याच वाटेने मागे आले.

"काय आहे?" त्याने विचारले.

"काळा कोळी. तुझ्या चारी बाजूंना. अगदी बुटाला लागून."

तो हसला. "ते फूल संपलं, नोरीन. तुला माहीत आहे."

"मला वेगळं माहीत आहे."

तेवढ्यात जनीन आली. ती दगडाला वळसा घालून आली आणि जागीच थबकली. ती त्या फोटोखाली जेवून लहानाची मोठी झाली आहे. ते कोणते फूल, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"डॅड," ती हळूच म्हणाली, "खरंच आहेत."

माझ्यावर त्याने विश्वास ठेवला नव्हता. तिच्यावर ठेवला. त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने खाली बघायचा प्रयत्न केला. एवढ्या बारीक, एवढ्या काळ्या पाकळ्या त्याला दिसणे शक्य नव्हते. त्याने उजवा पाय जरा उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"कुठे ठेवू पाय?"

मी दगडावर बसले. थर्मास उघडून चहा ओतला आणि प्यायला लागले.

"मावशी," जनीन म्हणाली, "त्यांना सांग ना."

"त्याला विचार, तो का घाबरतोय. फूलच तर आहे नुसतं. ठेव की पाय, मर्विन. एकदा ठेवला होतास."

जनीन एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. मी घाई केली नाही. पूर्ण कप प्यायले. वारा सुटला होता, फुले त्याच्या विजारीला घासत होती, आणि ते त्याला जाणवत असावे, कारण तो श्वाससुद्धा जपून घेत होता. तो आता चौऱ्याऐंशीचा आहे.

"मी तुडवलं होतं," तो म्हणाला. आवाज भाषणातला नव्हता. "त्या गुरुवारी. फोटो काढला आणि टाच फिरवली. तुझ्या आईला मी कांगारू म्हणून सांगितलं, जनीन. आता सांगा कोणीतरी, पाय कुठे ठेवू."

मी सांगणार होते. अट पुरी झाली होती, दोघींनी ऐकले होते. पण जनीन माझ्यासाठी थांबली नाही. तिने स्वतःचे बूट काढले, अनवाणी एकेक पाऊल बघत आत गेली, त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली, आणि दोन्ही हातांनी त्याचा बूट उचलून मोकळ्या वाळूत ठेवला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. तो तिच्या डोक्यावर हात टेकवून उभा होता. अशी ती त्याला बाहेर घेऊन आली. एकही फूल मोडले नाही.

मी त्याचा फोटो काढला. पंचेचाळीस वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला.

माझ्या दाराशी जनीनने गाडी थांबवली, मला उतरवायला आली, आणि वडिलांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मला ऐकवल्याशिवाय हे करता आलं नसतं का, मावशी?"

मी म्हटले, "नाही." ते खरे होते. पण रात्रभर ते मनाला टोचत राहिले.

सबब: कलम सात, पोटकलम (उ), मी दिलेल्या शब्दाप्रमाणे रद्द. पाटी गॉर्डन पीक यांनी आज नेली. बाकीची पोटकलमे जशीच्या तशी राहतील, वेशीवरचा शब्द पुसण्यासकट. कालचा फोटो जनीनचा. तिने तो ठेवावा किंवा फाडावा, कोणी तिला विचारू नये.

वकीलबाईंनी फोनवर विचारले, आता तरी त्याची दया आली का. नाही आली. तो शेवटपर्यंत पायाबद्दल बोलत होता, फुलाबद्दल नाही.

मात्र काल मी गाडीतून उतरून दाराकडे वळल्यावर त्याने काच खाली करून एकच विचारले, "किती आहेत गं, नोरीन? सगळी मिळून?" गेले कित्येक वसंत मी ती फुले एकेक करून मोजते, आकडा मला तोंडपाठ आहे. मी घरात जाऊन दार लावून घेतले. हा कागद माझ्यामागे त्याला वाचून दाखवला जाईल, म्हणून तो आकडा मी इथेही लिहिलेला नाही.

नोरीन अडेल टकवेल (सही)
आम्ही दोघांनी तिला सही करताना पाहिले. थुई लाम (सही). गॉर्डन पीक (सही).
बुरांजिन, सोमवार, १६ सप्टेंबर २०२४